"एकच क्वार्टर": ऊसतोडीच्या गावात दारूविषयी कसं विचारावं

दारूमुळे होणारं नुकसान रोखायचं म्हणून मानसशास्त्राचे संशोधक बीड-धाराशिवच्या गावांत जातात, आणि अभ्यास फसतो तो बहुधा एका प्रश्नावर: "किती घेता?"

जागतिक आरोग्य संघटनेच्या 'ऑडिट' प्रश्नावलीत १० प्रश्न, ४० गुण. ८ किंवा जास्त गुण आले की पिणं धोक्याचं धरतात. तिच्यातलं एक 'ड्रिंक' म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल. आता काका सांगतात, "रविवारी अन् बाजाराच्या दिवशी, एकच क्वार्टर." फॉर्मवर '१' लिहून मोकळे होऊ नका. १८० मिली गुणिले ०.४२८ (बाटलीवर ४२.८ टक्के असेल तर) गुणिले ०.७८९ (अल्कोहोलची घनता), म्हणजे जवळपास ६१ ग्रॅम. सहा ड्रिंक झाले! पहिल्या तीन प्रश्नांचे (किती वेळा घेता, एका वेळी किती, एका बैठकीत सहा किंवा जास्त किती वेळा) गुण ३, २, ३ मिळून ८. '१' लिहिलं असतं तर ३ च आले असते, आणि ज्याला मदत हवी तोच यादीतून गळाला असता.

म्हणून पिशवीत रिकामी निप, क्वार्टर आणि स्टीलचा पेला ठेवा. त्यात पाणी ओतून दाखवायला सांगा, मग मापा. हातभट्टीची तीव्रता कुठे लिहिलेली नसते. तिथे फक्त मिली नोंदवा, अंदाजाने ड्रिंक करू नका.

पारावर किंवा घरच्यांसमोर विचारू नका. मुकादमामार्फत (मजुरांची टोळी नेणारा ठेकेदार) तर मुळीच नाही: उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, त्याच्याकडून घेतलेली असते, त्याच्या कानावर गेलं तर माणसाचं काम जाऊ शकतं. आधी नैतिकता समितीची मंजुरी, मग संमतीपत्र मोठ्याने वाचून दाखवणं. फॉर्मवर नाव नको, क्रमांक लिहा. नावांची यादी वेगळी, कुलुपात.

दसरा-दिवाळीच्या सुमारास मजुरांच्या टोळ्या ऊसतोडीला बाहेरगावी निघतात. ऑगस्टमध्ये सुरू केलेल्या अभ्यासाच्या तीन महिन्यांनंतरच्या फेरीला दाराला कुलूप दिसतं. पहिली मुलाखत मे महिन्यात घ्या, दुसरी ऑगस्टमध्ये पोळ्याच्या आसपास.

८ ते १५ गुण आलेल्यांशी तिथेच पाच-दहा मिनिटं बोला: गुण दाखवा, कमी का करावंसं वाटतं ते त्यांनाच विचारा, माप त्यांनाच ठरवू द्या. २० किंवा जास्त गुण असतील तर मात्र डॉक्टरांकडे पाठवा. सकाळी हात थरथरत असतील किंवा दारू थांबवल्यावर कधी फिट आली असेल, तर गुण कितीही असोत, "आजपासून बंद करा" म्हणू नका. एकदम सोडल्यास फिट, भ्रम, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. अशा माणसाला जिल्हा रुग्णालयात न्या. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येकाच्या हाती चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून द्या.