इन्शुरन्सचं काम करायचंय? मग साखळीत शिरू नका, आणि या चुका टाळा

"पार्टटाइम काम आहे, फायनान्स लाइनचं, रविवारी हॉलवर ये, आमचे सर येणारेत" असा फोन आला आणि काम नेमकं काय असं विचारल्यावर समोरचा "ते आल्यावर कळेल" म्हणाला तर जाऊच नका. विमा विकणं हे सरळ काम आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. एलआयसीचा विकास अधिकारी असो की प्रायव्हेट कंपनीचा मॅनेजर, तो पहिल्या दोन मिनिटांतच सांगतो की एजंट व्हा, परीक्षा द्या, पॉलिसी विका. गोलगोल बोलणाऱ्याला बहुतेक वेळा तुमच्या कामाशी घेणंदेणं नसतं, त्याला तुमच्या मोबाइलमधले नंबर हवे असतात.

हे लिहायचं कारण म्हणजे सध्या लोक विमा एजंटचं काम आणि साखळी, म्हणजे माणसांखाली माणसं जोडून पैसे कमवायची स्कीम, या दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत टाकतात. "एजंट काय आणि चेनवाला काय, दोघं मागेच लागतात" असं घराघरात ऐकू येतं, आणि त्यात चांगलं काम करू शकणारी पोरं-पोरी या लाइनपासून लांब जातात, नाहीतर चुकीच्या हातात सापडतात.

पैसा कुठून येतो ते न विचारणं

सगळ्यात मोठी चूक हीच. एजंटला कमिशन मिळतं ते ग्राहकाने भरलेल्या हप्त्यातून. साखळीत कमाई येते ती खाली जोडलेल्या माणसांकडून, मग त्याला जॉइनिंग म्हणा, किट म्हणा, पॅकेज म्हणा. प्लॅन दाखवताना फळ्यावर गोल काढतात, तुम्ही पाच आणा, ते पाच-पाच आणतील. एकदा कॅल्क्युलेटर घेऊन बसा. पाचाचे पंचवीस, पंचवीसचे सव्वाशे असं करत बाराव्या पायरीला 24 कोटींच्या वर माणसं लागतात, आणि 2011 च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख होती. म्हणजे खालच्या पायऱ्यांवरच्या लोकांना माणसं मिळणारच नाहीत, ते कितीही मेहनती असले तरी. त्यांना मग "तू मनापासून करत नाहीस" असं ऐकवतात, ते मला सगळ्यात वाईट वाटतं.

कायदाही बघून ठेवा. 2015 च्या दुरुस्तीने विमा कायद्यात कलम 42ए आलं, त्यानुसार मल्टिलेव्हल मार्केटिंग स्कीमचं, म्हणजे साखळीचं, आमिष दाखवून कुणाला पॉलिसी घ्यायला लावणं बंद आहे आणि विमा क्षेत्राची सरकारी नियामक संस्था आयआरडीएआय अशा लोकांविरुद्ध पोलिसांत तक्रार करू शकते. तेल-साबण-सप्लिमेंट विकणारं डायरेक्ट सेलिंग वेगळं, ते बेकायदा नाही, पण 2021 च्या नियमांनी तिथेही पिरॅमिड स्कीम आणि एंट्री फी घ्यायला मनाई आहे. तेव्हा "पॉलिसी घे, दोघांना घ्यायला लाव, लेफ्ट-राइट पेअर झाली की पैसे" असं कुणी सांगितलं तर तो कितीही सूटबूट घालून आलेला असो, उठून या.

प्रत्येक टीम म्हणजे साखळी असं धरून चालणं

ही उलटी चूक. विकास अधिकारी एजंट भरती करतो, त्यांच्या धंद्यावर त्याचं काम मोजलं जातं, प्रायव्हेट कंपन्यांतही एजन्सी लीडर असतात. यात गैर काही नाही, कारण खाली पॉलिसी विकल्या गेल्या तरच वर पैसा जातो आणि भरती झाली म्हणून कुणी तुमच्याकडून पैसे घेत नाही. तुमचा खर्च म्हणजे एजंट होण्यासाठीच्या आयसी-38 परीक्षेची फी आणि कागदपत्रं, बास. फरक ओळखायचा असेल तर मॅनेजरच्या मीटिंगला एकदा शेवटपर्यंत बसा. टर्म प्लॅन (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) कुणाला द्यायचा, प्रपोजल फॉर्म म्हणजे विम्याचा अर्ज कसा भरायचा, क्लेम कसा लावायचा हे शिकवतात का फक्त गोव्याची ट्रिप, गाडी आणि माणसं आणा एवढंच चालतं, ते लगेच कळतं.

पहिल्या वर्षाच्या कमिशनवर घर चालवणं

नोकरी सोडून या लाइनमध्ये उडी मारणारे इथे गडगडतात. एक हिशोब करू, आकडे फक्त समजायला, कंपनी आणि प्लॅनप्रमाणे ते बदलतात आणि मध्ये 2024 ला बऱ्याच ठिकाणी बदललेही. समजा वर्षाला 30,000 हप्ता, पहिल्या वर्षी 25 टक्के कमिशन म्हणजे 7,500, पुढे दरवर्षी 5 टक्के म्हणजे 1,500, याला रिन्यूअल कमिशन म्हणतात. वर्षात अशा 20 पॉलिसी केल्या तर दीड लाख, महिन्याला साडेबारा हजार, त्यातून पेट्रोल, चहापाणी, फोन. पण दरवर्षी अशाच 20 होत गेल्या आणि एकही तुटली नाही तर पाचव्या वर्षी नवीनचे दीड लाख आणि जुन्या 80 पॉलिसींचे 1,20,000 रिन्यूअल, मिळून 2,70,000. जुन्यांतल्या निम्म्या लॅप्स झाल्या, म्हणजे हप्ता न भरल्याने बंद पडल्या, तर रिन्यूअल 60,000 वर येतं. म्हणजे तुमची खरी कमाई नवीन पॉलिसीत नाही, जुनी टिकण्यात आहे. म्हणून सुरुवातीची दोन-तीन वर्षं घरात दुसरं उत्पन्न असू द्या, किंवा नोकरी सांभाळून करा (सरकारी नोकरी असेल तर आधी सेवानियम बघा, बायकोच्या नावावर एजंटचा कोड काढून नवरा धंदा करतो हा प्रकार सर्रास चालतो पण क्लेमच्या वेळी सही एकाची आणि बोलणं दुसऱ्याचं, ग्राहकाची फरपट होते).

पहिला हप्ता खिशातून भरणं

मार्च एंडिंगला टार्गेट अडकलं की मॅनेजर म्हणतो "तू भर, कमिशनमधून निघेल", ग्राहक म्हणतो "शेजारचा एजंट अर्धं कमिशन परत देतो". असं कमिशन वाटणं म्हणजे रिबेटिंग, विमा कायद्याच्या कलम 41 खाली गुन्हा आहे आणि दंड 10 लाखांपर्यंत होऊ शकतो. पण दंड बाजूला ठेवा, ज्याने सवलतीसाठी पॉलिसी घेतली तो दुसऱ्या वर्षी हप्ता भरत नाही. तुमची पर्सिस्टन्सी, म्हणजे पॉलिसी टिकण्याचं प्रमाण, पडते, त्याचे पैसे अडकतात आणि गावात तुमचं नाव खराब होतं.

फॉर्ममध्ये "नाही, नाही, नाही" लिहून टाकणं

ही चूकही मला फार गंभीर वाटते. काकांना शुगर आहे, गोळी चालू आहे, पण मेडिकल लागेल, पॉलिसी लांबेल म्हणून एजंट सगळ्या प्रश्नांपुढे "नाही" लिहितो आणि सही घेतो. मग दोन वर्षांत काका गेले की काकू 3783 नंबरचा क्लेम फॉर्म घेऊन ब्रँचला बसतात आणि चौकशीत हॉस्पिटलचे जुने कागद निघतात. कलम 45 प्रमाणे तीन वर्षं झाल्यावर कंपनी पॉलिसीवर बोट ठेवू शकत नाही, पण तीन वर्षांच्या आत ठेवू शकते. तुमच्या साडेसात हजारांच्या कमिशनसाठी त्या घराचे काही लाख जातात. आजार आहे तर लिहा, हप्ता थोडा वाढेल, कधी प्रपोजल नाकारलंही जाईल, चालेल.

"स्वतंत्र" म्हणजे काय ते न तपासणं

एजंटचा धंदा स्वतंत्र असं म्हणतात, पण एजंट म्हणून तुम्हाला एका वेळी एकाच लाइफ कंपनीचं काम करता येतं, सोबत एक जनरल आणि एक हेल्थ कंपनी. चार लाइफ कंपन्यांचे प्लॅन दाखवायचे असतील तर ब्रोकरकडे (अनेक कंपन्यांचा विमा विकणारी संस्था) पीओएसपी म्हणजे पॉइंट ऑफ सेल्स पर्सन, त्यांचा विक्रेता, म्हणून जाता येतं, त्याला 15 तासांचं ट्रेनिंग लागतं, पण तिथे साधे ठराविक प्लॅनच विकता येतात आणि ग्राहक ब्रोकरच्या नावावर राहतो. दोन्हीकडे सही करायच्या आधी हे प्रश्न लेखी विचारा, मी सोडून गेलो तर माझं रिन्यूअल कमिशन मिळणार का, किती वर्षांनंतर काम सोडलं तर मिळणार आणि मी गेल्यावर घरच्यांना काय. एलआयसीच्या एजंटांची ग्रॅच्युइटी मर्यादा 2023 मध्ये 3 लाखांवरून 5 लाख झाली, अशा गोष्टी साखळीवाल्याच्या फळ्यावर कधी दिसत नाहीत.

आधीच अडकला असाल तर

साखळीत पैसे गेले असतील तर "वसूल करायला" अजून दोघांना आणू नका, तिथून पुढे तक्रार तुमच्याही विरुद्ध होऊ शकते. पावत्या, यूपीआयचे स्क्रीनशॉट, ग्रुपवरचे मेसेज सेव्ह करा, ग्रुप सोडायच्या आधी. 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा आणि रक्कम मोठी असेल तर पोलिसांकडे जा. जोडणीच्या नादात पॉलिसी घेतली असेल आणि कागद हातात येऊन 30 दिवस झाले नसतील तर फ्री लुकमध्ये, म्हणजे पॉलिसी बघून परत करायच्या मुदतीत, ती परत करता येते, किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात, अर्ज ब्रँचला देऊन पोचपावती घ्या. मुदत उलटली असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग आयआरडीएआयचं बीमा भरोसा तक्रार पोर्टल, मग विमा लोकपाल, त्यांची ऑफिसं मुंबईत आणि पुण्यात आहेत आणि वकील लागत नाही.

आणि एजंटच आहात पण कंपनी चुकली असं वाटतंय तर कोड तसाच सोडून दुसरीकडे जाऊ नका. आधी राजीनामा द्या, सेसेशन सर्टिफिकेट म्हणजे काम सोडल्याचा दाखला घ्या, ते हातात असल्याशिवाय दुसरी लाइफ कंपनी नेमणूक करत नाही. जायच्या आधी सगळ्या ग्राहकांना हप्त्याची तारीख, पॉलिसी नंबर आणि ब्रँचचा पत्ता पाठवून ठेवा, नॉमिनीचं नाव बरोबर आहे का तेही तेव्हाच बघून घ्या.