बाइकला बाहेरचा ऑइल फिल्टर घेताय? या चुका टाळा

बाहेरचा, म्हणजे गाडीच्या कंपनीऐवजी दुसऱ्या ब्रँडचा फिल्टर घेताना चुकीचा लागला आणि गाडीखाली तेलाचे थेंब पडायला लागले, तर नशीब चांगलं समजा. थेंब दिसतात, माणूस गॅरेज गाठतो, फिल्टर बदलला जातो. खरा घात करतो तो न गळणारा चुकीचा फिल्टर. कव्हर घट्ट, बोल्ट घट्ट, फरशी कोरडी. आणि आत तेल फिल्टरच्या गाळणाऱ्या कागदातून जायचं सोडून त्याच्या कडेने वाट काढतंय. मेकॅनिक म्हणतो, "बसला ना साहेब, टेन्शन नको." आणि आपण निघतो.

बाइकच्या तेलाला कारच्या तेलापेक्षा जास्त कामं असतात. बहुतेक बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात चालतात. क्लच प्लेटची झीज, गिअरच्या दातांचा बारीक चुरा, इंजिनातली काजळी, सगळं त्याच लिटर-दीड लिटरमध्ये येतं. त्यात मुंबईत एलबीएस रोडसारख्या रस्त्यावर एअर-कूल्ड गाडी सिग्नलमागून सिग्नल उभी राहते. इंजिनाला वारा मिळत नाही, तेल तापतं, पण किलोमीटरचा काटा हलत नाही. म्हणून इथे फिल्टर नुसता नवा असून भागत नाही, तो आपल्याच इंजिनाचा असावा लागतो.

आधी गाडीला फिल्टर आहे का ते बघा

हे विचित्र वाटेल, पण दुकानात येऊन ॲक्टिव्हाचा ऑइल फिल्टर मागणारे असतातच. ॲक्टिव्हाला बदलायचा कागदी ऑइल फिल्टर नसतो, तेलाची जाळी असते. ती काढून धुवायची आणि परत बसवायची. स्प्लेंडरला जाळी असतेच, शिवाय क्लचच्या बाजूला फिरता सेंट्रिफ्युगल फिल्टर असतो. तो गोल फिरताना जड कचरा कडेला फेकतो आणि तिथे काळा थर साचतो. तो साफ करायला उजवं कव्हर उघडावं लागतं, त्यामुळे बरीच गॅरेजं त्याच्या वाटेलाच जात नाहीत. अशा गाडीला "हा पण चालतो" म्हणत कोणी फिल्टर विकत असेल, तर पैसे खिशातच ठेवा.

जाळी धुतात तसा कागदी फिल्टर पेट्रोलने धुवून, हवा मारून परत लावणारेही भेटतात. धुतल्यावर तो वरून स्वच्छ दिसतो, पण कागदाच्या आत रुतलेला कचरा तसाच राहतो आणि हवेच्या दाबाने कागद फाटू शकतो. छोट्या बाइकचा फिल्टर इतका महाग नसतो की त्याची आंघोळ घालावी.

मॉडेलच्या नावावर फिल्टर मागू नका

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर स्पेअर पार्टच्या कुठल्याही काउंटरवर जाऊन "रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चा द्या" म्हणालात, तर जाणता दुकानदार लगेच विचारेल, "जुनी की नवी?" कारण टाकीवरचं नाव तेच राहिलं, खालचं इंजिन बदललं. जुन्या, यूसीई नावाच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९०. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या क्लासिकचं जे-सिरीज इंजिन ७२ बाय ८५.८ चं. एक ३४६ सीसी, दुसरं ३४९. पाटी दोन्हीवर ३५० ची. बुलेट ३५० ला हे नवं इंजिन २०२३ मध्ये मिळालं. म्हणजे २०२२ ची क्लासिक आणि २०२२ ची बुलेट शेजारी उभ्या असल्या, तरी एकीचा फिल्टर दुसरीला मागून चालणार नाही.

पल्सरचंही तेच. साधी एअर-कूल्ड १५० आणि चार व्हॉल्व्हची, लिक्विड-कूल्ड एनएस २०० ही दोन वेगळी इंजिनं आहेत, आणि दोघींना लोक नुसतं पल्सर म्हणतात. 'सर्व पल्सरसाठी' असं खोक्यावर छापलेलं दिसलं, की मी ते खोकं परत देतो. ऑनलाइन तर एकाच फिल्टरखाली वीस-वीस मॉडेलची यादी असते. तीत आपल्या गाडीचं नाव असणं हा पुरावा नव्हे.

पुरावा म्हणजे पार्ट नंबर. गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा कंपनीच्या पार्ट्स कॅटलॉगमध्ये तो मिळतो. दुसऱ्या ब्रँडचा फिल्टर घेताना त्या ब्रँडच्या यादीत हा मूळ नंबर कशाशी जुळवलाय ते बघायचं. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, तेही सोबत ठेवा. मोठ्या बाइकवाल्यांसाठी एक सोय आहे: हायफ्लो आणि के अँड एन या दोन फिल्टर ब्रँडचे एचएफ २०४ आणि केएन २०४ एकाच जागेसाठी असतात, कारण दोघांचे आकडे जुळतात. पण हे या दोघांपुरतंच. तिसऱ्याच ब्रँडच्या डब्यावर २०४ दिसला म्हणून उचलू नका.

"जुना फिल्टर घेऊन ये, त्याच्यासारखा देतो," हा सल्लाही अर्धाच खरा. जुना कोणी लावला होता? गाडी सेकंडहँड असेल तर तोच चुकीचा असू शकतो, आणि मग आपण ती चूक इमानेइतबारे पुढे चालवतो. आधी नंबर, मग जुन्याशी तुलना.

कागदी एलिमेंट: चूक लपते ती इथे

आपल्याकडच्या बहुतेक लहान-मध्यम बाइकला कव्हरच्या आत बसणारा एलिमेंट, म्हणजे नुसता गाळणाऱ्या कागदाचा गोल भाग असतो. त्याला स्वतःचा पत्र्याचा डबा नसतो, त्यामुळे मापात थोडा फरक असला तरी कव्हर लागून जातं. घात होतो तो इथेच.

नवा आणि जुना शेजारी ठेवून तीन गोष्टी बघा: लांबी, बाहेरचा व्यास आणि मधल्या भोकाचा व्यास. व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) असेल तर उत्तम. जुन्याचं रबर दबलेलं असतं, म्हणून नवा किंचित उंच भरला तर घाबरू नका. तो कमी भरला तर मात्र लावू नका. टोकाचं रबर समोरच्या नळीवर किंवा कव्हरवर दाबून बसलं नाही, तर तेल त्या फटीतून सरळ पुढे जातं. बाहेर एक थेंबही येत नाही. भोक मोठं असेल तरी तेच.

मग दिशा. तेल बाहेरून कागदात शिरतं आणि मधल्या भोकातून इंजिनाकडे जातं. काही एलिमेंटचं एक टोक बंद असतं. ते उलटं लागलं, तर बंद टोक तेलाच्या वाटेवरच येऊन बसतं आणि पुढच्या भागांना तेल मिळेनासं होतं. होंडाच्या अनेक एलिमेंटवर 'आउटसाइड' असं इंग्रजीत छापलेलं असतं; ती बाजू कव्हरकडे. दोन्ही टोकं सारखी दिसत असली, तरी छापलेलं वाचल्याशिवाय आत ढकलू नका.

स्प्रिंग आणि ओ-रिंग (तेल अडवणारी रबराची गोल रिंग) यांचा क्रम गाडीगणिक बदलतो. काहींत स्प्रिंग आधी इंजिनाकडे जाते, काहींत कव्हरच्या बाजूला. उघडताना मोबाइलवर फोटो काढा, एवढं पुरे. ज्या कव्हरला एक मोठी आणि एक छोटी ओ-रिंग असते, तिथे छोटी विसरणं हा नेहमीचा प्रकार. मोठी विसरली तर तेल गळतं आणि लगेच कळतं. छोटी विसरली तर न गाळलेलं तेल गाळलेल्यात मिसळतं. फिल्टरसोबत ओ-रिंगचं किट येत असेल तर तेच घ्या. दबलेली, चपटी झालेली जुनी रिंग पुन्हा लावण्यात कसली बचत आलीय?

कव्हरचे बारीक बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यांत जातात. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण दहा न्यूटन मीटर (पिळायच्या जोराचं माप) पुरतात. तरी आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. लांब पान्हा घेऊन "अजून थोडं" करणाऱ्या हाताने आटे काढून ठेवले, की फिल्टरपेक्षा कितीतरी मोठं बिल होतं.

पत्र्याच्या डब्याचा फिल्टर

इंटरसेप्टर ६५०, निंजा ३०० अशा गाड्यांना बाहेरून फिरवून लावायचा डबा असतो. बहुतेक जपानी बाइकवर आटा एम२० बाय १.५ चा, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि दर दीड मिलिमीटरला एक वेढा. बऱ्याच कार आणि हार्लेवर पाऊण इंच, इंचाला सोळा आट्यांचा. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. एम२० चा डबा पाऊण इंचाच्या स्टडवर (इंजिनातून बाहेर आलेल्या आट्याच्या दांड्यावर) ढिला चढतो आणि शेवटी घट्ट झाल्याचा भास देतो. उलट प्रकारात तो चढतच नाही, मग कोणीतरी जोर लावतो. हाताने सहज फिरत नसेल तर थांबा.

आटा जुळला म्हणजेही काम झालं असं नाही. गॅस्केटच्या (डब्याच्या तोंडाच्या रबराच्या) रिंगचा व्यास, डब्याची उंची, एक्झॉस्टच्या पाइपपासूनचं अंतर, हे सगळं बघायचं. डब्याच्या आत बायपास व्हॉल्व्ह असू शकतो: तेल थंड आणि जाड असताना किंवा कागद तुंबल्यावर तो उघडतो, म्हणजे इंजिन निदान कोरडं पडत नाही. काही इंजिनांत तो व्हॉल्व्ह इंजिनातच असतो. म्हणून आटा सारखा असला तरी कारचा फिल्टर बाइकला लावू नये. आतला हिशोब वेगळा असतो. उलटं वाहणारं तेल अडवणारी रबराची झडप स्वस्त डब्यात लवकर कडक होते. सकाळी पहिल्या स्टार्टला काही सेकंद खडखड येऊन थांबत असेल, तर तिच्यावर संशय घ्यायला हरकत नाही.

काढताना कधी कधी जुनी गॅस्केट इंजिनाला चिकटून राहते. तिच्यावर नवा डबा लावला की दोन रबरं एकमेकांवर घसरतात आणि दाबाने तेल उसळतं, तेही मागच्या टायरच्या वाटेवर. जागा पुसून बोट फिरवून बघा. नव्या रबराला तेल लावा, टेकेपर्यंत हाताने फिरवा, आणि पुढे डब्यावर छापलंय तेवढंच, साधारण पाऊण वेढा. काही डब्यांच्या तळाला नट असतो तो काढण्यासाठी. घट्ट करायला नव्हे.

बाहेरचा म्हणजे वाईट नव्हे

कंपनीच्या खोक्यातला फिल्टरही बऱ्याचदा पुरवठादारानेच बनवलेला असतो, आणि नावाजलेल्या फिल्टर ब्रँडचा माल लावायला काहीच हरकत नाही. भीती नकली मालाची. बंद पाकिटातल्या मालासाठीच्या २०११ च्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांप्रमाणे खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी असायला हवी. छपाई पुसट, पत्ता अर्धवट, किंमत स्टिकरखाली, तर सोडून द्या. बिल घ्याच, आणि त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. दुकानदार बदलून देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. तेव्हा हातात कागद लागतो.

लावल्यानंतर

इंजिन सुरू करून मिनिटभर आयडलवर (ॲक्सिलरेटर न पिळता) ठेवा, रेस करू नका. तेलाच्या दाबाचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद. बऱ्याच छोट्या बाइकना तो दिवाच नसतो, म्हणून तिथे दिशा आणि ओ-रिंग दोनदा तपासणं जास्त महत्त्वाचं. मग बंद करून थोडं थांबा आणि गाडी सरळ उभी करून पातळी बघा. रिकामा फिल्टर भरल्यामुळे ती उतरलेली असते. थोडं तेल घालावं लागणं हा बिघाड नाही.

ओल दिसली तर आधी सगळं पुसून टाका. काढताना सांडलेलं तेल फटीत साचतं आणि दोन दिवस उगाच घाबरवतं. पुसलेल्या जागेवर टाल्कम पावडर भुरभुरा, कोपऱ्यापर्यंत चक्कर मारा. गळतीची जागा पावडरवर ओली रेघ काढून दाखवते. (सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे करत असाल तर खाली पुठ्ठा घाला. सेक्रेटरींना गळतीचं निदान ऐकण्यात रस नसतो.)

न गळणारी चूक मात्र पुढच्या सर्व्हिसलाच हाती लागते. काढलेला एलिमेंट फेकण्याआधी उजेडात धरा. तेल काळंकुट्ट आणि कागद जवळजवळ कोरा असेल, तर तेल त्यातून गेलेलंच नाही. टोकाच्या रबरावर बसल्याची गोल खूण उमटलेली दिसायला हवी. ती नसेल किंवा एकाच बाजूला असेल, तर तो फिल्टर तिथे नुसता पडून होता. घड्या आत चेपलेल्या दिसल्या तर दाब जास्त झालाय, फिल्टर तुंबला होता किंवा कमजोर होता. चमकणारा चुरा दिसला तर त्यावर लोहचुंबक फिरवा. चिकटणारं पोलाद, न चिकटणारं बहुधा ॲल्युमिनियम. चुरा चिमटीत येण्याइतका असेल तर फिल्टरचा विषय संपला, इंजिन उघडायची वेळ आली.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. मुंबईत हिंदमाता किंवा मिलन सबवेला तुंबलेल्या पाण्यातून गाडी ढकलत काढली असेल, तर स्टार्टर मारण्याआधी तेल बघा. ते दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर पाणी आत गेलंय. इंजिन सुरू न करता तेल आणि फिल्टर दोन्ही बदला, कारण ओला कागद फुगतो आणि तेल सोडत नाही. हे पहिलं तेल थोडंच चालवून पुन्हा काढायचं असतं. क्लच कव्हरच्या आणि फिल्टरच्या खोबणीत पाणी उरलेलं असतं. त्या दुसऱ्या वेळीही फिल्टर नवाच घालायचा, आदल्या आठवड्यातला वाळवून नाही.