कापूस यायच्या आधी डेटाबेस झाडून घ्या

वर्धा जिल्ह्यातल्या एका जिनिंगच्या काट्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागते. पावतीला दहा सेकंद लागले तरी बंडीवरून आवाज येतो, "काहून भाऊ, निजलं का तुमचं कॉम्प्युटर?" म्हणून ही कामं मी नवरात्रातच उरकतो. डेटाबेस पोस्टग्रेस आहे.

काम हळू झालं म्हणून आधी इंडेक्स, म्हणजे ओळ चटकन सापडावी म्हणून केलेली कॉलमची वेगळी सूची, टाकत सुटू नका. अडणाऱ्या सिलेक्टपुढे, म्हणजे ओळी मागणाऱ्या क्वेरीपुढे, एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ लावून चालवा; ओळी कशा शोधल्या ते दिसतं. नऊ लाख पावत्यांतून चार ओळी काढायला 'सीक स्कॅन' दिसला, की समजा अख्खं टेबल चाळलं जातंय.

माझ्याकडे तारखेवर इंडेक्स होता, तरी आजच्या पावत्यांना सीक स्कॅनच. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. खोट क्वेरीत होती. कॉलममध्ये तारीख आणि वेळ दोन्ही, आणि मी कॉलम डेट फंक्शनमध्ये घालून आजच्या तारखेशी जुळवत होतो. इंडेक्स मूळ कॉलमचा. फंक्शनमधून निघालेली किंमत त्यात नसतेच. 'आज रात्री बारापासून, उद्या रात्री बाराच्या आत' अशी अट लिहिली अन् यादी चटकन आली.

दोन कॉलमच्या इंडेक्सात क्रम बघा. जुन्या काटावहीत गावाची पानं वेगळी आणि आत तारखेनं नोंदी. सेलूची १२ नोव्हेंबर लगेच सापडायची. नुसती १२ नोव्हेंबर हवी तर सगळी वही उलटा. गाव-तारीख इंडेक्सही साधारण तसाच. प्रायमरी कीला (ओळीची स्वतःची ओळख) पोस्टग्रेस आपणहून इंडेक्स करतो, फॉरेन कीला (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम) नाही. शेतकरी क्रमांकावरचा मला हातानंच टाकावा लागला.

काटा चालू असताना इंडेक्स बांधायचा तर क्रिएट इंडेक्सच्या आज्ञेत 'कॉन्करंटली' घाला, नाहीतर तोवर नवी पावती नोंदवता येत नाही. मध्येच लाइन गेली तर अर्धवट, न वापरता येणारा 'इनव्हॅलिड' इंडेक्स मागं राहतो. तो ड्रॉप करून पुन्हा बांधा.

आता सफाई. 'चुकारा बाकी'चं 'चुकारा दिला' केलं, की जुनी ओळ मरते पण जागा धरून बसते. ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रेसचा आपोआप चालणारा झाडूवाला, ती मोकळी करतो, मात्र मूळ सेटिंग २० टक्के अधिक ५० ओळींचं. म्हणजे नऊ लाखांत १,८०,०५० ओळी मरेपर्यंत तो हलत नाही. मी त्या टेबलापुरता स्केल फॅक्टर, म्हणजे तो टक्का, ०.०२ (दोन टक्के) केला. व्हॅक्यूम फुल, म्हणजे अख्खं टेबल नव्यानं लिहून काढणं, हंगामात करायचं नाही. मी एकदा भरदुपारी चालवलं. टेबलाला कुलूप लागलं, ट्रॅक्टर फाट्यापर्यंत. मुनीमजी गुमान वहीत पावत्या लिहीत बसले, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बाहेरून मोठा डेटा आणून भरला की 'अ‍ॅनलाइझ' आज्ञा हातानं चालवा, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवायला पोस्टग्रेसला टेबलाचा ताजा अंदाज मिळतो.

प्रत्येक इंडेक्स नव्या पावतीला थोडं ओझं देतो. न वापरलेले पोस्टग्रेसच्या 'पीजी स्टॅट युजर इंडेक्सेस' या वापराच्या नोंदींत दिसतात, स्कॅनचा आकडा शून्य. पण ऑक्टोबरात शून्य दिसलं म्हणून उडवू नका. माझा एक फक्त मार्चच्या हिशेबाला लागतो. आणि युनिक असेल तर शून्य असला तरी राहू द्या, दुबार पावती तोच अडवतो.