राइड-ऑन मोवर सुरू होत नाही? नवीन बॅटरी आणायच्या आधी चावी फिरवा आणि कान देऊन ऐका

खारघर, नेरूळ, घोडबंदर रोड ह्या पट्ट्यात मोठ्या कॉम्प्लेक्सच्या आणि क्लबच्या ग्राउंडवर आता बसून चालवायची गवत कापायची मशीनं आली आहेत. दरवर्षी जूनमध्ये दोन-चार दिवस धो धो पाऊस पडून उघडीप मिळाली की गवत घोट्याच्या वर गेलेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच फोन येतात की मशीन चालू होत नाहीये, मेकॅनिक म्हणतो बॅटरी गेली. बॅटरी जाते, नाही असं नाही, पण न बघताच बॅटरी बदला सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण सोसायटीचे पैसे जातात आणि मशीन तिथेच उभं राहतं. मी नेरूळच्या बाजूला अशी मशीनं बरीच वर्षं सांभाळतोय, त्यातून जे कळलंय ते सगळं खाली लिहितोय.

मशीन सपाट जागी आहे, पेट्रोल आहे, ब्लेड बंद आहे, हँडब्रेक ओढलेला आहे, एवढं धरून चालतो. आता चावी फिरवा आणि नीट ऐका. एकतर काहीच आवाज येणार नाही, नाहीतर एकच 'टक' होईल, नाहीतर इंजिन अर्धा फेरा घेऊन दमल्यासारखं थांबेल, नाहीतर सेल्फ, म्हणजे स्टार्टर, मस्त फिरेल पण इंजिन पेटणार नाही. ही चार वेगवेगळी दुखणी आहेत. ह्यातलं कुठलं आहे ते ठरल्याशिवाय पान्याला हात लावू नका.

काहीच आवाज नाही

ब्रेकचं पेडल शेवटपर्यंत दाबा, अर्धवट नाही. ब्लेडचा स्विच खरंच खाली गेलाय का बघा. काही मशीनमध्ये सीटवर बसावंच लागतं, झिरो-टर्न (दोन हँडलांनी जागच्या जागी वळणारं मशीन) असेल तर दोन्ही हँडल बाहेरच्या बाजूला हवीत. मग फ्यूज. मग सीटखालचा आणि पेडलजवळचा सेफ्टी स्विच, त्यांचे प्लग काढून बघा, आपल्याकडे खाडीची दमट खारी हवा असल्यामुळे आतल्या पिना हिरव्या पडतात, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दोन-तीनदा काढा-घाला की बऱ्याचदा तेवढ्यावरच काम होतं. पावसाळ्यात उंदीर-घुशी कोरडी जागा शोधत इंजिनच्या कव्हरखाली येतात आणि वायरी कुरतडतात, तेही तपासा.

एक गोष्ट मात्र करू नका. सीटच्या स्विचच्या दोन वायरी पिळून कायमच्या जोडून टाकतात, 'कटकट गेली' म्हणतात. माळी उतारावर सीटवरून घसरला तर ब्लेड बंद पाडतो तो हाच स्विच. तपासायचा असेल तर मल्टीमीटर आहे. खराब निघाला तर नवीन टाका, पण बायपास करून मशीन कोणाच्या हातात देऊ नका.

एकच टक

चार्जर काढून काही तास झाल्यावर बॅटरीचं व्होल्टेज बघा. 12.6 च्या आसपास असेल तर भरलेली आहे, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी, आधी चार्ज करा. पण नुसत्या ह्या आकड्यावर विसंबू नका, कोणाला तरी चावी मारायला सांगा आणि तेव्हा बॅटरीच्या टर्मिनलवरच मीटर धरा. 9.5 च्या खाली कोसळत असेल तर बॅटरीवर संशय घ्या, म्हणजे चार्ज करून परत बघा आणि तरी पडत असेल तर दुकानात लोड टेस्ट करून घ्या.

पडत नसेल तर करंट मध्येच कुठेतरी अडतोय. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर लावून चावी मारा, 0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची वायर किंवा तिच्या टोकाचं थिंबल, म्हणजे बोल्टखाली बसणारी धातूची टोपी, गंजलंय. मग तसंच बॅटरीच्या प्लसपासून स्टार्टरच्या बोल्टपर्यंत, तिथे 0.5 च्या वर जायला नको. गेलं तर सोलेनॉइडच्या, म्हणजे चावी फिरवली की बॅटरीचा करंट स्टार्टरला जोडणाऱ्या स्विचच्या, दोन जाड बोल्टांवर मीटर लावा. टक आवाज होऊनही तिथे सगळे बारा व्होल्ट दिसले तर सोलेनॉइड आतून जळलाय, बदला. थिंबल गंजलं असेल तर बोल्ट काढून पॉलिश पेपरने चकचकीत घासा, खाली रंग असेल तर तोही खरवडा, आणि वायरच आतून काळी पडली असेल तर रबाळे एमआयडीसीत किंवा वागळे इस्टेटला कोणीही नवीन थिंबल प्रेस करून देईल.

सोलेनॉइडवर स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून सेल्फ मारायची जी पद्धत आहे ती मला अजिबात मान्य नाही. त्याने सगळे सेफ्टी स्विच बाजूला पडतात, आणि गिअरमध्ये असलेलं मशीन समोर उभ्या माणसाच्या अंगावर येतं.

अर्धा फेरा घेतं आणि थांबतं

आता हे खरं त्रासाचं. मला सगळ्यात जास्त ह्याच टप्प्याने छळलंय, आणि ह्यावरचे सल्ले सगळ्यात वाईट मिळतात. इंजिन 'घुर्र' करून अर्धा फेरा घेतं, अडतं, परत चावी मारली की कधी पुढे जातं कधी नाही. ऐकणाऱ्याला वाटतं बॅटरी कमजोर. नवीन बॅटरी टाकली की ताज्या बॅटरीच्या जोरावर चार-आठ दिवस मशीन चालतं आणि सगळ्यांना वाटतं निदान बरोबर होतं. मग परत तेच. मग स्टार्टर बदलतात, मग सोलेनॉइड. आमच्याकडे एका मशीनवर तिन्ही नवीन टाकून झाले होते आणि दुखणं होतं टॅपेटमध्ये, म्हणजे व्हॉल्व आणि तो दाबणारा रॉकर यांच्यामधल्या गॅपमध्ये.

ह्यामागचं कारण समजून घ्या, नाहीतर तुम्हीही बॅटरीच्याच दुकानात जाल. ह्या इंजिनांचा एकेक सिलिंडर बराच मोठा असतो आणि स्टार्टर लहान, पूर्ण कॉम्प्रेशनवर तो पिस्टन वर ढकलू शकत नाही. म्हणून कॅमशाफ्टवर एक छोटीशी सोय असते, इंजिन हळू फिरत असताना ती व्हॉल्व केसभर उघडा ठेवते आणि थोडी हवा सोडून देते, स्पीड आला की आपोआप बाजूला होते. जुन्या बुलेटला किक मारायच्या आधी हँडलवरची डीकॉम्प्रेसरची लिव्हर दाबायचे ना, तेच काम इथे इंजिन स्वतः करतं. पण ही उचल फार कमी असते. चालून चालून टॅपेटचा गॅप वाढला की ती उचल गॅपमध्येच विरून जाते, व्हॉल्व हलतच नाही, आणि स्टार्टरला सगळं कॉम्प्रेशन एकट्याने रेटावं लागतं. म्हणून तो अडतो.

खात्री करायला एकही पार्ट लागत नाही. प्लगची कॅप काढा, प्लग काढा, आणि कॅप प्लगच्या भोकापासून लांब इंजिनच्या लोखंडाला नीट अर्थ करून ठेवा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि तिथे ठिणगी पडायला नको. तोंड बाजूला ठेवा. आता चावी मारा. इंजिन भिंगरीसारखं फिरलं तर बॅटरी, वायर, सोलेनॉइड, स्टार्टर ही चारही मंडळी बहुतेक करून निर्दोष आहेत. प्लग काढूनही जड फिरत असेल तर परत मागच्या टप्प्यावर जा.

ह्याच वेळी भोकातून पेट्रोलची पिचकारी उडाली तर गोष्ट वेगळी आहे. कार्बोरेटरची नीडल गळतेय आणि सिलिंडर पेट्रोलने भरलाय, इंजिन त्यामुळेच अडत होतं. अशा वेळी डिपस्टिकचा वास घ्या, ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा लेव्हल वाढली असेल तर नीडल दुरुस्त करून ऑइल बदलल्याशिवाय मशीन एक मिनिटही चालवू नका, बेअरिंगं जातील.

पिचकारी नाही आणि भिंगरीसारखं फिरतंय, तर टॅपेट उघडा. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, सकाळी करा, मशीन चालवून आल्यावर अजिबात नाही. बॅटरीची मायनस वायर काढून ठेवा. व्हॉल्व कव्हरचे बोल्ट काढा आणि गॅस्केट जपून सोडवा, फाटलं तर नवीन लागेल.

पुढची स्टेप लोक घाईत चुकवतात, आणि ती चुकली की सगळी मेहनत वाया. अंगठा प्लगच्या भोकावर ठेवा आणि वरची जाळी धरून फ्लायव्हील हाताने घड्याळाच्या दिशेने फिरवा. हवा अंगठ्याला बाहेर ढकलायला लागली म्हणजे कॉम्प्रेशनचा स्ट्रोक आला. आता भोकात एक लांब स्ट्रॉ उभी धरा, पिस्टनबरोबर ती वर येईल, सगळ्यात वर येऊन थांबेल. इथे थांबू नका. अजून थोडं फिरवा, स्ट्रॉ साधारण 6 मिमी खाली जाईपर्यंत. अगदी टोकावर गॅप मोजला तर त्या कॉम्प्रेशन सोडणाऱ्या सोयीने व्हॉल्व धरलेला असू शकतो, मग माप खोटं येतं, तुम्ही खोट्या मापावर सेट करता आणि मशीन आणखी बिघडतं. बाइकचे चांगले मेकॅनिकसुद्धा बाइकच्या सवयीने टोकावरच मोजतात, त्यांना हे 6 मिमी आवर्जून सांगा.

आता रॉकर आणि व्हॉल्वच्या दांड्यामध्ये फिलर गेजची (गॅप मोजायच्या ठराविक जाडीच्या पात्यांच्या संचाची) पाती घाला. आपल्याकडच्या मशीनमध्ये बऱ्याचदा दिसणाऱ्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या सिंगल सिलिंडर ओव्हरहेड व्हॉल्व इंजिनांना साधारण इनटेक 0.08 ते 0.13 मिमी आणि एक्झॉस्ट 0.13 ते 0.18 मिमी लागतो, म्हणजे इनटेकला 0.10 ची आणि एक्झॉस्टला 0.15 ची पाती धरा. दुसरं इंजिन असेल तर त्याच्या मॅन्युअलमधलाच आकडा घ्या, आणि काही इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट असतात तिथे हे सेटिंगच नसतं. 0.25 ची पाती सहज आत-बाहेर होत असेल तर चोर सापडला. लॉक सैल करा, नट थोडा थोडा फिरवत पाती किंचित घासून सरकेल इतपत आणा, लॉक घट्ट करा आणि परत मोजा. परत मोजाच, लॉक करताना नट हमखास फिरतो. गॅप शून्यावर आणू नका, व्हॉल्व नीट बसणार नाही आणि जळेल. फिलर गेज नसेल तर मस्जिद बंदरला नागदेवी स्ट्रीटला स्वस्तात मिळतो, अंदाजाने करायचं हे काम नाही.

दोन फेरे हाताने फिरवून, परत त्याच जागी आणून, पुन्हा एकदा माप घ्या. कव्हर लावा, प्लग लावा, चावी मारा. जे मशीन महिनाभर अडत होतं ते जुन्याच बॅटरीवर एका झटक्यात फिरताना बघितलंत की तुम्हीही कोणाला आधी बॅटरी बदल म्हणणार नाही. गॅप बरोबर असूनही अडत असेल तर कॅमशाफ्टवरची ती सोयच तुटलीय, त्यासाठी इंजिन खोलावं लागतं, ते चांगल्या मिस्त्रीकडे द्या.

फिरतं पण पेटत नाही

चोक ओढा. एअर फिल्टर साफ करा. प्लग नवीन टाका, गॅप 0.76 मिमी.

मग पेट्रोल. पंपावर आता ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं, आणि बहुतेक मोवर इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा 10 टक्के लिहिलेली असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत पाण्याला तोटा नाही. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवा, खाली वेगळा थर दिसला तर सगळं काढून टाका. कार्बोरेटरचा बाउल उघडून खालचा मेन जेट साफ करा, बारीक तांब्याच्या तारेने, जाड सुईने भोक मोठं करू नका. बाउलखाली वायर लावलेला छोटा सोलेनॉइड असेल तर चावी ऑन केल्यावर त्याचा 'टिक' आला पाहिजे, आला नाही तर पेट्रोल पुढे जातच नाही. महिन्याच्या वर मशीन उभं राहणार असेल तर टाकी आणि बाउल रिकामा करूनच ठेवा.

पेट्रोल ठीक आणि ठिणगी नाही, तर इग्निशन कॉइलवरची बारीक किल वायर, म्हणजे इंजिन बंद करणारी वायर, तात्पुरती काढून बघा. ठिणगी आली तर कॉइल चांगली आहे, कुठलातरी सेफ्टी स्विच किंवा कुरतडलेली वायर इंजिन मारतेय, परत पहिल्या टप्प्यावर जा. ही वायर काढलेली असताना चावीने इंजिन बंद होत नाही, त्यामुळे ही टेस्ट फक्त ठिणगी बघण्यापुरती, मशीन चालवायचं नाही, आणि वायर लगेच परत लावायची. वायर काढूनही ठिणगी नसेल तर कॉइल बदला, बसवताना फ्लायव्हीलचं मॅग्नेट आणि कॉइल यांच्यामध्ये एक जाडसर व्हिजिटिंग कार्ड धरा, मॅग्नेट कॉइलला ओढून घेईल, तसेच बोल्ट आवळा आणि कार्ड काढून घ्या.