तोंडावाटे घेतलेले औषध रक्तात किती पोहोचते, याचा अंदाज कसा काढावा

गोळीवर छापलेली मात्रा आणि सर्वांगात फिरणाऱ्या रक्तापर्यंत पोहोचणारी मात्रा यांत मोठी तफावत असू शकते. रक्तदाबावरच्या प्रोप्रॅनोलॉलचा साधारण पाव हिस्सा, हृदयविकारावरच्या डिगॉक्सिनच्या गोळीचा सुमारे ७० टक्के, तर हाडांसाठी दिल्या जाणाऱ्या ॲलेंड्रोनेटचा एक टक्क्याहूनही कमी हिस्सा तिथवर पोहोचतो. या प्रमाणाला जैवउपलब्धता म्हणतात.

शिरेतून दिलेले औषध सगळेच रक्तात जात असल्याने तुलना त्याच्याशीच करावी. त्याच व्यक्तींना एकदा शिरेतून आणि, आधीचे औषध शरीरातून निघून जाईल एवढा काळ मध्ये सोडून, एकदा तोंडावाटे औषध द्यावे. दोन्ही वेळा ठरावीक अंतराने रक्ताचे नमुने घेऊन प्लाझ्मामधील (रक्तपेशी वगळून उरणाऱ्या द्रवातील) औषधाचे प्रमाण मोजावे आणि वेळेनुसार त्याचा आलेख काढावा. आलेखाच्या शिखरावरून निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो टाळावा, कारण सावकाश शोषल्या जाणाऱ्या गोळीचे शिखर बुटके असूनही एकूण औषध तेवढेच पोहोचलेले असू शकते. मोजायचे असते ते वक्राखालचे क्षेत्रफळ. लगतच्या दोन नमुन्यांमधला भाग समलंब चौकोन मानून त्यांच्या प्रमाणांच्या सरासरीला मधल्या वेळेने गुणावे आणि असे सर्व तुकडे मिळवावेत. शेवटच्या नमुन्यानंतरच्या शेपटासाठी त्या नमुन्यातील प्रमाणाला अंतिम टप्प्यातील उतरणीच्या दरांकाने (औषधाचे प्रमाण तासाला किती अंशाने घटते त्या आकड्याने) भागावे. हा अंदाजी भाग एकूण क्षेत्रफळाच्या पाचव्या हिश्शाहून मोठा निघाला, तर नमुने घेणे फार लवकर थांबवले असे समजावे.

आता प्रत्येक क्षेत्रफळाला त्या त्या मात्रेने भागून तोंडावाटे आलेल्या भागाकाराला शिरेतल्या भागाकाराने भागावे. समजा, शिरेतून १० मिलिग्रॅम दिल्यावर क्षेत्रफळ ०.२० आणि तोंडावाटे ४० मिलिग्रॅम दिल्यावर ०.२४ मिलिग्रॅम-तास प्रति लिटर आले. पहिला भागाकार ०.०२० व दुसरा ०.००६, म्हणून जैवउपलब्धता ०.३०, म्हणजे ३० टक्के.

उरलेले ७० टक्के कुठे गेले, हा प्रश्न मला मूळ आकड्याहून अधिक उपयोगाचा वाटतो. औषध आतड्यात विरघळून शोषले जावे लागते, आतड्याच्या भिंतीतील विकरांतून (औषध मोडणाऱ्या प्रथिनांतून) वाचावे लागते आणि मग, आतड्यातले रक्त आधी यकृतात जात असल्याने, यकृताच्या पहिल्या फेरीतून पार व्हावे लागते. या तीन टप्प्यांत वाचणाऱ्या हिश्शांचा गुणाकार म्हणजे जैवउपलब्धता. वरील उदाहरणात शिरेतल्या मात्रेला क्षेत्रफळाने भागल्यास क्लिअरन्स, म्हणजे शरीर ताशी किती प्लाझ्मा औषधमुक्त करते तो आकडा, ताशी ५० लिटर येतो. औषधाचा निचरा केवळ यकृतातून होतो आणि रक्त व प्लाझ्मा यांतील प्रमाण सारखेच आहे असे धरले, तर यकृतातील ताशी सुमारे ९० लिटर रक्तप्रवाहाच्या हिशेबाने (५० भागिले ९०) पहिल्या फेरीत जवळजवळ ५६ टक्के औषध नष्ट होते व ४४ टक्के वाचते. ०.३० ला ०.४४ ने भागल्यास सुमारे ०.६८ मिळतात, म्हणजे आतड्याच्या पातळीवरची गळती एक तृतीयांशाच्या आसपासच आहे. अशा औषधाची गोळी अधिक विद्राव्य केली, तरी फायदा मर्यादितच राहील.

ही सारी मांडणी मात्रेनुसार क्षेत्रफळ सरळ प्रमाणात वाढते या गृहीतकावर उभी आहे. मोठ्या मात्रेने यकृतातील विकरे संपृक्त होत असतील, तर तोंडावाटेची जैवउपलब्धता मात्रेबरोबर वाढत जाते आणि एका मात्रेचा आकडा दुसरीला लागू पडत नाही. शिरेतून देता येण्याजोगे द्रावणच नसेल, तर तोंडावाटे दिलेल्या द्रावणाशी गोळीची तुलना करावी. मात्र त्यातून मिळणारी जैवउपलब्धता केवळ सापेक्ष असते, हे नोंदीत स्पष्ट लिहावे.