दीड मिनिटाचा ओळखीचा व्हिडिओ आणि माझे दोन दिवस

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. एका कामासाठी पोर्टफोलिओबरोबर दीड मिनिटाचा ओळखीचा व्हिडिओ मागितला होता. म्हटलं, शनिवारी दुपारी बसू, अर्ध्या तासात उरकू. शनिवार गेला, रविवारही गेला, आणि शेवटी जो पाठवला तो सोमवारी सकाळी वीस मिनिटांत झाला. पहिल्यांदाच करणाऱ्यांचे दोन दिवस वाचावेत म्हणून हे लिहितेय.

गडबड फोन हातात घेण्याआधीच झाली होती. मी मजकूर लिहून काढला. सुरुवात अशी: "नमस्कार. मी एक स्वतंत्र चित्रकार असून गेली सहा वर्षे बालसाहित्याच्या क्षेत्रात कार्यरत आहे." कागदावर ठीक दिसतं. जरा मोठ्याने म्हणून बघा. 'असून' आणि 'कार्यरत' हे शब्द मी अख्ख्या आयुष्यात कुणाशी बोलताना वापरलेले नाहीत. कॅमेरा सुरू झाला की माझी मान ताठ व्हायची, आवाज चढायचा, आणि समोर कुणीतरी सत्कार समारंभाची सूत्रसंचालिका उभी राहायची. त्यात मजकूर लॅपटॉपवर लावून वाचत होते. रेकॉर्डिंग बघितलं तर डोळे एका ओळीच्या शेवटापर्यंत सरकतात, टुणकन मागे येतात, पुन्हा सरकतात. एकदा दिसलं की दुसरं काही दिसतच नाही.

गडबड मजकुरात आहे हे न कळल्यामुळे मी दोष कॅमेऱ्याला दिला आणि शनिवार त्यातच घालवला. अर्थात काही गोष्टी कामाच्या सापडल्या. पुढच्या कॅमेऱ्यापेक्षा मागचा बहुतेक फोनमध्ये चांगला असतो, फक्त स्वतःला बघता येत नाही (तेही बरंच, बघत बसलं की नजर भरकटते). फोन हातभर अंतरावर धरला की नाक मोठं आणि कान लहान दिसतात. हा दोष अंतराचा. दीड-दोन मीटर मागे सरका आणि फोनमध्ये दुसरी लेन्स असेल तर २एक्स (दुप्पट झूम) लावा, चेहरा आपला वाटायला लागतो. भिंग डोळ्यांच्या उंचीवर हवं. माझा फोन सात पुस्तकांच्या चळतीवर होता. खिडकी पाठीमागे घेतली तर तुमची फक्त सावली दिसेल. ती समोर किंवा थोडी तिरकी घ्या. चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर (चित्रातला उजेड) लॉक करा, नाहीतर हात हलला तरी उजेड कमीजास्त होत राहतो. रात्री दिव्याखाली शूट केलं आणि चित्रात पट्टे सरकताना दिसले, तर वीज ५० हर्ट्झची असेल तिथे शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, ६० हर्ट्झची असेल तिथे १/६० किंवा १/१२०. रेझोल्यूशनवर मात्र वेळ घालवू नका, १०८०पी पुरतं.

आवाजाकडे मी शेवटी लक्ष दिलं, ते आधी द्यायला हवं होतं. चित्र थोडं अंधारं असलं तरी माणूस बघतो, पण आवाज घुमला की बंद करतो. निदान मी तरी करते. माइकपासूनचं अंतर दुप्पट झालं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून दोन मीटरवरच्या फोनचा आवाज बाथरूममधून आल्यासारखा लागतो. माझ्याकडे कॉलर माइक नव्हता. एक जुना फोन रेकॉर्डर लावून छातीशी, फ्रेमच्या जरा खाली ठेवला, सुरुवातीला एक टाळी वाजवली, आणि एडिटमध्ये त्या टाळीवर दोन्ही फाइली जुळवल्या. पंखा बंद. कपड्यांचं कपाट उघडं टाकून त्याच्याकडे तोंड करून बसले, कारण कपडे घुमारा खातात.

तरीही रविवारी रात्री हाताशी काय होतं, तर स्वच्छ आवाजातलं, छान उजेडातलं तेच सूत्रसंचालन.

सोमवारी सकाळी मैत्रीण आली. तिने तो व्हिडिओ वीस सेकंद बघितला आणि फोन बाजूला ठेवला. टेबलावर एका गोष्टीची चित्रं पडली होती, ती उचलून म्हणाली, "या बेडकाने अख्खी पाठ का फिरवलीय गं?" मी सांगायला लागले. गोष्टीत लिहिलं होतं, 'बेडकाने रुसून मान फिरवली.' आता बेडकाच्या मानेत मणका एकच, ती फिरवणार कुठून? पाच वेळा काढून बघितलं, प्रत्येक वेळी बेडूक सोडून बेडकाचा मुखवटा घातलेला माणूस तयार व्हायचा. मग त्याला सगळाच पाठमोरा बसवला आणि रुसवा पाठीच्या बाकात आणला.

ती म्हणाली, "थांब. हेच बोल."

ती फोनच्या शेजारी, भिंगाला चिकटून बसली आणि मी तिला सांगितलं. तिचे प्रश्न नंतर कापायचे होते, म्हणून उत्तरात प्रश्न गुंफून बोलायचं एवढंच ठरवलं: "बेडूक पाठमोरा आहे, कारण..." अशी सुरुवात केली की मागचा प्रश्न काढला तरी वाक्य लंगडं होत नाही. अडखळले तिथे ती जागा झाकायला कच्च्या स्केचांचे आणि हात चालतानाचे शॉट टाकले; ते वेगळे, आवाजाशिवाय घेतले होते. नाव आणि कामाची वर्षं बेडकानंतर, दोन वाक्यांत. जिथे मी पूर्वी 'मला नवनवीन प्रयोग करायला आवडतात' म्हणणार होते, ते वाक्य गेलंच. पाच फसलेले बेडूक स्क्रीनवर दिसत होते, मग ते सांगायचं कशाला?

चित्रं दाखवण्याआधी एक बघा: पुस्तक छापून आलेलं नसेल तर प्रकाशकाला विचारा. बऱ्याच करारांत प्रसिद्धीपूर्वी काही दाखवायची मनाई असते. मी विचारलं, 'रंगीत पानं नकोत, कच्ची स्केचेस चालतील' असं उत्तर आलं, आणि कच्चीच जास्त शोभली. सबटायटल हाताने तपासा; आपोआप आलेल्या सबटायटलमध्ये माझा बेडूक दोन ठिकाणी 'बैठक' झाला होता.

आणि यूट्यूबवर टाकणार असाल तर 'अनलिस्टेड' ठेवा, म्हणजे लिंक असेल त्याला दिसतो. 'प्रायव्हेट' ठेवलं तर नुसत्या लिंकने तो उघडत नाही. पाठवण्याआधी इनकॉग्निटो विंडोत लिंक उघडून बघा. मी बघितली नव्हती. दोन दिवसांनी त्यांचा मेल आला, 'व्हिडिओ दिसत नाही', आणि तोवर मी मैत्रिणीला 'बहुतेक आवडला नसावा' असं तीनदा सांगून झालं होतं.