बुद्धिबळातलं ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, सुधारायचंय? मग स्पर्धेतले डाव असे बघा

पंधरा चाली तोंडपाठ, आणि समोरच्याने सातव्या चालीलाच काहीतरी भलतं खेळलं की हातपाय गार. तरी सल्ला काय मिळतो, तर अजून एक लाइन, म्हणजे चालींचा ठरलेला क्रम, पाठ करा. नका करू.

तुम्ही खरंच खेळता ते एकच ओपनिंग घ्या आणि डेटाबेसमधून त्याचे वीसेक डाव काढा, दोन्ही खेळाडू तगडे हवेत, टाइम कंट्रोल क्लासिकल हवा, म्हणजे तासन्‌तास चालणारा डाव, काही मिनिटांत उरकणारं ब्लिट्झ नको. तुमच्या रंगाने हरलेले डावही घ्या, ते गाळले की कुठलंही ओपनिंग भारीच वाटतं. मग सगळे एकदा भराभर फिरवा.

आता खरी गोची. साधारण १० ते २० चालींचा पट्टा. थिअरी, म्हणजे आधीच अभ्यासलेल्या पुस्तकी चाली, संपलेली असते, मारामारी सुरू झालेली नसते, आणि हत्ती इकडून तिकडे का सरकला ते काही केल्या कळत नाही. मी इथे खूप अडकायचो. लोक इथे लगेच इंजिन, म्हणजे चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्राम, लावतात, आणि माझं ठाम मत आहे की इथेच अभ्यास संपतो. इंजिन आकडा सांगतं, +०.३, म्हणजे पांढरा किंचित वरचढ, पण तो हत्ती तिथे कशाला गेला ते सांगत नाही. बंद ठेवा.

उदाहरण घ्या, १९५२ चा बोट्विनिक-केरेस डाव, दोघेही सोव्हिएत ग्रँडमास्टर, पांढरी बोट्विनिककडे, ओपनिंग क्वीन्स गॅम्बिट, त्यातलं एक्स्चेंज व्हेरिएशन. नवव्या चालीला पांढऱ्याचा घोडा एफ३ ऐवजी ई२ वर जातो (ही पटावरच्या घरांची नावं). अकराव्या चालीला हत्ती बी१ वर, समोर स्वतःचंच प्यादं! म्हणजे ते प्यादं बी४-बी५ असं रेटून काळ्याचं सी६ वरचं प्यादं कमकुवत करायचं, या रचनेतला नेहमीचा प्लॅन. पण केरेसचा उंट ई७ वरून डी६ वर जातो आणि दोन चालींनी परत ई७ वर येतो, आणि १४व्या चालीला बोट्विनिक तोच हत्ती ई१ वर आणतो. आधी प्यादं एफ३ वर सरकवून झालंय, घोडा ई२ वर असल्यामुळे ते जमलं, आणि २०व्या चालीला प्यादं ई४ वर बसतं. प्लॅनच बदलला ना! घोडा एफ३ वर असता तर एफ-प्यादं हललंच नसतं. हे एकदा कळलं की नववी चाल पाठ करायची गरजच उरत नाही.

तर करायचं असं, थिअरी संपते तिथे थांबा, पुढची चाल झाका, तुमची चाल आणि एका ओळीत कारण कागदावर लिहा, मगच खरी चाल उघडा. जुळली नाही तर पुढे पळू नका, मोहरं तिथे का गेलं ते निदान पाच मिनिटं तरी शोधा. आणि खऱ्या पटावर करा, माउसने चाली फार पटापट सरकतात आणि डोकं मागे राहतं. दिवसाला एक डाव पुरे, एका बैठकीत पाच उरकणाऱ्यांना विचारा काय आठवतंय, गप्प बसतील.

इंजिन शेवटी, आणि तेही फक्त तुमच्या चालीत सरळ मोहरं फुकट जात होतं का एवढं बघायला.

मग स्वतःचा डाव झाला की तोही या डावांच्याच फाइलमध्ये टाका, कुठल्या चालीला ओळखीचा रस्ता सुटला ते शोधा, आणि पुढचे डाव नेमके त्या पोझिशनचे काढा.